फिटसाठी डोक्यात बसवलेलं मशीन: आरएनएसचा घरच्या माणसाने लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग पुराण. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच, पण "चिप बसवली की फिट बंद" असं ज्यांना वाटतंय त्यांना आत्ताच सांगून टाकते की तसं होत नाही. हे मशीन संथ आहे, वर्षांच्या हिशोबात काम करतं, आणि बसवल्यावर लगेच रिव्ह्यू लिहायला बसले असते तर मी दोनच स्टार दिले असते.

मशीनचं नाव आरएनएस, म्हणजे रिस्पॉन्सिव्ह न्यूरोस्टिम्युलेशन, कंपनी न्यूरोपेस, कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूची. औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने नोव्हेंबर २०१३ मध्ये मंजुरी दिली, म्हणजे हे काही कालपरवाचं नाही, आणि हो, हे इलॉन मस्कचं पण नाही. हा प्रश्न आम्हाला प्रत्येक लग्नात, गणपतीत आणि मंडळाच्या पिकनिकला विचारला जातो. मस्कच्या न्यूरालिंक कंपनीने माणसात पहिली चिप बसवली ती जानेवारी २०२४ मध्ये, तीसुद्धा हातपाय हलवता न येणाऱ्या माणसाला नुसत्या विचाराने कॉम्प्युटर चालवता यावा म्हणून. आमच्याकडचं प्रकरण वेगळं. हे मशीन मेंदूतली वीज चोवीस तास बघत बसतं, ठरवून दिलेली गडबड दिसली की तिथल्या तिथे बारीकसा करंट सोडतं, आणि काय काय झालं त्याची नोंद ठेवतं. पेशंटला करंट जाणवत नाही. नवऱ्याला आजतागायत एकदाही कळलेलं नाही की आत्ता दिला.

नवऱ्याला कॉलेजपासून फिट येतात. सिनेमात दाखवतात तशी धाडकन पडून तोंडाला फेस येणारी क्वचित. एरवी तो बोलता बोलता थांबतो, नजर कुठेतरी लागते, ओठ चाटल्यासारखं करतो, शर्टाचं बटण चाचपत राहतो आणि मिनिटा-दीड मिनिटाने परत येतो, मधलं काही त्याला ठाऊक नसतं. सांगलीकडे त्याच्या घरी यावर कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, हातात लोखंडी किल्ल्यांचा जुडगा, सगळं करून झालेलं. एकदा कुणीतरी दातखीळ सोडवायला चमचा घातला आणि पुढचा दात अर्धा गेला. तोंडात काहीही घालू नका हो, प्लीज. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर सरळ हॉस्पिटल. फिट बहुतेक वेळा आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला जातं.

औषधं म्हणाल तर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, लेव्हेटिरासेटम, लॅकोसामाइड, सगळ्यांशी ओळख आहे आमची. लेव्हेटिरासेटमने काहींची चिडचिड वाढते हे पाकिटातल्या कागदावर लिहिलेलंच असतं, आम्ही मात्र बरेच दिवस तो स्वभाव समजत होतो. अपस्माराच्या, म्हणजे या फिटच्या आजाराच्या (इंग्रजीत एपिलेप्सी), साधारण एक तृतीयांश पेशंटना औषधं पुरी पडत नाहीत. दोन नीट निवडलेली औषधं नीट डोसमध्ये घेऊनही फिट येत राहिल्या तर पुढचं औषध लागू पडायची शक्यता फारच कमी उरते आणि तेव्हाच मोठ्या एपिलेप्सी सेंटरला जायला हवं. हे आम्हाला कुणी सांगेपर्यंत गोळ्यांचा डबा दोनमजली झाला होता.

न्यू जर्सीला आल्यावर एका सेंटरला दाखवलं. तिथे व्हिडिओ ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विजेचं आणि पेशंटचं एकदम रेकॉर्डिंग करायला, अॅडमिट करतात. घरी फिट येऊ नये म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो आणि तिथे मुद्दाम औषधं कमी करून फिट कधी येते याची वाट बघत बसतात. आली की नर्स पळत येते, रंग विचारते, नाव विचारते, आणि डॉक्टर खूश! मग एमआरआय, पेट स्कॅन, स्मरणशक्तीच्या कंटाळवाण्या टेस्टा, आणि शेवटी कवटीला बारीक भोकं पाडून आत तारा सोडून पुन्हा तेच वाट बघणं. त्यातून कळलं की फिट दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबमधून, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून, सुटते, डावीकडून आणि उजवीकडूनही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते कारण मशीनचं नाव ऐकून लोक भलत्याच उत्साहात येतात. फिट एकाच जागेवरून येत असेल आणि ती जागा काढण्यासारखी असेल तर ती काढून टाकणं हे या मशीनपेक्षा चांगलं. २००१ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात ८० पेशंट घेतले होते, निम्म्यांना टेम्पोरल लोबची सर्जरी आणि निम्म्यांना औषधंच, वर्षभराने भान हरपणाऱ्या फिटमधून सुटलेले सर्जरीवाले ५८ टक्के आणि औषधवाले ८ टक्के. एवढा फरक. त्यामुळे मशीन हा पहिला नंबर नाहीच, ज्यांना सर्जरी करता येत नाही त्यांचा तो पर्याय. आमच्याकडे दोन्ही बाजू असल्याने कापाकापीचा प्रश्नच नव्हता, दोन्हीकडचे हिपोकॅम्पस, म्हणजे टेम्पोरल लोबमधले आठवणी साठवणारे भाग, काढले तर माणसाला नवीन काही लक्षातच राहणार नाही.

मग तीन मशीनं समोर ठेवली. एक व्हीएनएस, छातीत बॅटरी आणि मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला गुंडाळलेली तार, १९९७ पासून आहे, मेंदूला हातच लावत नाहीत, पण करंट चालू असताना आवाज घोगरा होतो बऱ्याच जणांचा. दुसरं डीबीएस, थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी, खोल तारा आणि बॅटरी पुन्हा छातीत, अमेरिकेत अपस्मारासाठी २०१८ ची मंजुरी, आणि ते ज्या अभ्यासावर मंजूर झालं त्यात ते एक मिनिट चालू पाच मिनिटं बंद असं घड्याळावर चालवलं होतं, फिट येवो न येवो. तिसरं आरएनएस, जे बघून मग करंट देतं. नवरा सॉफ्टवेअरमधला, त्याला अर्थातच तिसरं आवडलं. पण डॉक्टरांचं कारण वेगळं होतं आणि ते मला जास्त पटलं. त्या म्हणाल्या, दोन बाजूंपैकी खरी दांडगट कुठली हे हॉस्पिटलमधल्या आठवड्या-दोन आठवड्यांत कळत नाही, मशीन आत राहिलं तर महिनोन्महिने बघता येईल. यावर अभ्यासही आहे, दोन्ही बाजूंच्या संशयाच्या ८२ पेशंटमध्ये हे मशीन बसवल्यावर दोन्हीकडच्या फिट रेकॉर्ड व्हायला सरासरी ४१.६ दिवस लागले. इतके दिवस कुठलं हॉस्पिटल ठेवून घेणार?

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगते नाहीतर बीपी वाढतं. आमच्या इन्शुरन्स कंपनीने आधी नाकारलं, कारण काय तर "वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही". मग डॉक्टरांनी त्यांच्या डॉक्टरशी फोनवर भांडण केलं, कागद पाठवले, परत पाठवले, आणि मंजूर झालं. अमेरिकेत कुणी करणार असाल तर पहिला नकार हा नकार धरू नका, अपील करा, आणि प्रत्येक फोनचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा.

ऑपरेशन. मशीन साधारण सहा सेंटिमीटर लांब, किंचित बाक दिलेलं, कवटीच्या गोलाईला बसावं असं. कवटीचा तेवढा तुकडा काढून त्या खाचेत ते बसवतात, वरून कातडी शिवतात. त्याला दोन तारा जोडतात, प्रत्येक तारेवर चार कॉन्टॅक्ट, आमच्या केसमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूने आत सोडून एक डाव्या आणि एक उजव्या हिपोकॅम्पसमध्ये. छातीत काही नाही, मानेतून वायर नाही, सगळा कारभार डोक्यातल्या डोक्यात. हॉस्पिटलमध्ये राहणं माझ्या अपेक्षेपेक्षा कमी झालं, घरी आल्यावरची डोकेदुखी मात्र अपेक्षेपेक्षा जास्त. केस वाढले की बाहेरून काहीही दिसत नाही, बोट फिरवलं तर कड लागते. आमच्या मुलीला ती कड फार आवडते. हेल्मेट आणि टाइट टोपी सुरुवातीला नको म्हणतो, खाज येते.

आणि मग काय, तर काहीच नाही. हे मला आधी कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगते. बसवल्यावर मशीन सुरुवातीचे काही आठवडे नुसतं ऐकतं, करंट बंद. डॉक्टरना आधी बघायचं असतं की या माणसाची फिट सुरू होताना मेंदूतल्या विजेची रेषा कशी दिसते. प्रत्येकाची वेगळी. ती दिसली की मग ओळखायची पद्धत ठरवतात, रेषेची लांबी किती वाढली, तिच्याखालचं क्षेत्रफळ किती बदललं, कुठल्या वेगाच्या लहरी आल्या, अशी दोन-तीन मापं असतात. ते झालं की करंट चालू, तोही अगदी कमी, मग दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी क्लिनिकला जायचं, डॉक्टर रेकॉर्डिंग बघतात, थोडा वाढवतात, जागा बदलतात, पुन्हा घरी. सासूबाई तिकडून व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, "अगं, एवढं डोकं फोडून घेतलं आणि अजून फिट येतेच?" मी म्हणायचे, "आई, अजून मशीन शिकतंय." त्या म्हणायच्या, "मग शिकून झाल्यावर बसवायचं होतं की." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं सांगायचं तर मशीन स्वतः काही शिकत नाही, शिकतात त्या डॉक्टर. आजकाल सगळ्याला एआय म्हणायची फॅशन आहे म्हणून सांगते, यात ओळखायचे नियम माणूस ठरवतो. त्यामुळे कोण प्रोग्रॅम करतंय यावर निम्मा निकाल.

घरचं काम रोजचं. एक चपटी वँड मिळते, ती डोक्यावर मशीनच्या जागी धरायची, की आतलं रेकॉर्डिंग वायरलेसने बाहेरच्या रिमोट मॉनिटरवर येतं आणि तिथून इंटरनेटने कंपनीच्या डेटाबेसवर, जो डॉक्टर उघडून बघतात. मशीनमध्ये जागा काही मिनिटांच्या रेकॉर्डिंगपुरतीच आहे, त्यामुळे वेळेवर काढून घेतलं नाही तर जुन्यावर नवीन लिहिलं जातं. नवरा संध्याकाळी दिवेलागणीला हे काम करतो, आणि सासूबाई आल्या होत्या तेव्हा दोन दिवस बघून म्हणाल्या, "बरं आहे बाबा, स्वतःची दृष्ट स्वतःच काढतोस." तेव्हापासून घरात त्याचं नावच दृष्ट काढणं पडलंय. मुलगी पण विचारते, बाबा दृष्ट काढली का?

शिवाय एक मॅग्नेट देतात. फिट आली किंवा येतेय असं वाटलं की तो मशीनवरून फिरवायचा, म्हणजे त्या वेळचं रेकॉर्डिंग राखून ठेवलं जातं आणि डॉक्टरना कळतं की इथे घरच्यांना काहीतरी दिसलं. मॅग्नेट तसाच धरून ठेवला तर तेवढा वेळ करंट बंद राहतो, ही माहिती फार लोकांना नसते. एक मॅग्नेट माझ्या पर्समध्ये, एक त्याच्या बॅगेत, आणि क्रेडिट कार्डं दुसऱ्या कप्प्यात.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय हा रिव्ह्यू म्हणजे नुसती भावनांची खिचडी. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली त्यात १९१ पेशंट होते, सगळ्यांना मशीन बसवलं पण निम्म्यांचा करंट चालू आणि निम्म्यांचा बंद, कुणाचा कुठला हे पेशंटना माहीत नाही. चालू असलेल्यांच्या फिट ३७.९ टक्क्यांनी कमी झाल्या, बंद असलेल्यांच्याही १७.३ टक्क्यांनी. हो, करंट बंद असूनही! नुसतं ऑपरेशन झाल्यावर थोडा फरक पडतो किंवा पडल्यासारखा वाटतो, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत कुणी "चमत्कार झाला" असं सांगितलं तर लगेच पेढे वाटू नका. पण खरी गोष्ट पुढे आहे. एका वर्षाने फिट कमी होण्याचं प्रमाण ४४ टक्के, दोन वर्षांनी ५३, आणि नऊ वर्षांपर्यंत मागोवा घेतला तेव्हा ७५ टक्के. मधला आकडा आहे हा, म्हणजे निम्म्या लोकांना याहून जास्त फायदा आणि निम्म्यांना कमी. नऊ वर्षांच्या त्याच अभ्यासात निदान एक वर्षभर एकही फिट न आलेले १८.४ टक्के. म्हणजे पाचातला एकही पुरा नाही. पुढे मंजुरीनंतरच्या १५० पेशंटचा हिशोब २०२० मध्ये छापून आला, त्यात वर्षाने ६७ टक्के, दोन वर्षांनी ७५, तीन किंवा जास्त वर्षांनी ८२. पहिल्या चाचणीपेक्षा बरं, आणि माझ्या मते त्याचं एक कारण हेच की तोवर डॉक्टरांचा प्रोग्रॅमिंगचा हात बसला होता.

हे वर्षागणिक का सुधारतं, हा प्रश्न मला छळत होता. फिट पकडून तोडत असेल तर पहिल्या दिवशी जेवढी तोडेल तेवढीच नवव्या वर्षी तोडायला हवी ना? २०१९ मध्ये पिट्सबर्गच्या मंडळींनी रेकॉर्डिंग तपासून दाखवलं की ज्यांना फायदा झाला त्यांच्यात करंट दिल्या क्षणी फिट तुटणं हे मुख्य दिसत नाही, उलट हळूहळू फिटचा नमुनाच बदलत जातो, ती पसरत नाही, तुटक होते, लवकर विझते. म्हणजे रोजचे ते बारीक बारीक शॉक मेंदूची सवय मोडत असावेत. दिवसाला शेकडो वेळा, कुणाकुणात हजाराच्या वर, मशीन काहीतरी पकडून करंट देतं, तरी सगळं जोडलं तर दिवसाचा करंट काही मिनिटांचाच. आणि त्या शेकडोंमधल्या बहुतेक गडबडी तशाही फिट झाल्या नसत्या. त्यामुळे क्लिनिकच्या रिपोर्टवर मोठा आकडा बघून घाबरू नका, मी घाबरले होते.

पण मला विचाराल तर पैसे वसूल करंटने नाही झाले, रेकॉर्डिंगने झाले. आधी आमच्याकडे कॅलेंडरवर लाल टिंबं असायची, कालनिर्णयच्या चौकोनात, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी. मशीनने दाखवलं की टिंबांपेक्षा खऱ्या फिट बऱ्याच जास्त आहेत, झोपेत येतात, त्याला कळत नाहीत, मलाही नाही. सकाळी तो "आज डोकं जड आहे" म्हणायचा त्यातल्या कितीतरी सकाळी रात्री काहीतरी घडलेलं असायचं. गोळीची वेळ त्यावरून बदलली. डावी बाजू शांत आणि उजवी दांडगी हेही त्यावरूनच कळलं. आणि एक औषध बंद करता आलं, कारण ते चालू असताना आणि नसताना रेषेत काही फरकच नव्हता. याआधी औषध काम करतंय का याचं उत्तर "कसं वाटतंय?" एवढंच असायचं.

त्यातच ते अमावस्येचं. गावाकडे सगळे म्हणायचे याला अमावस्या-पौर्णिमेला येते, आणि आम्ही दोघं शिकलेले म्हणून हसायचो. तर २०१८ मध्ये याच मशीनच्या ३७ पेशंटच्या रेकॉर्डिंगवरून निघालेला पेपर आहे, त्यात दिसलं की मेंदूतली ही गडबड बऱ्याच जणांत काही दिवसांच्या लाटेत वरखाली होते, सगळ्यात जास्त आढळलेली लाट २० ते ३० दिवसांची, वर्षानुवर्षं टिकणारी, बायकांमध्ये आणि पुरुषांमध्येही, आणि फिट त्या लाटेच्या चढावर जास्त येतात. प्रत्येकाची लाट त्याची त्याची, चंद्राशी त्याचं देणंघेणं नाही. पण महिन्याच्या आसपासची लाट असलेल्या माणसाच्या घरच्यांना अमावस्या आठवली तर मी त्यांना आता हसणार नाही. नवऱ्याची लाट डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवली, आणि आता चढाच्या दिवसांत आम्ही जागरणं टाळतो, लांबचे कार्यक्रम पुढे ढकलतो. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या चार दिवस फॉर्मात होत्या.

आता खटकणाऱ्या गोष्टी. नऊ वर्षांच्या अभ्यासात मशीनच्या जागी गंभीर इन्फेक्शनचं प्रमाण दर ऑपरेशनमागे ४.१ टक्के होतं, आणि ऑपरेशन एकच नसतं, कारण बॅटरी संपली की पूर्ण मशीन बदलावं लागतं. तारा त्याच राहतात, पण टाळू पुन्हा उघडायची. जुनं मॉडेल चारेक वर्षं चालायचं, २०१८ पासूनचं साधारण आठ वर्षं. चार्जिंगची भानगड नाही हा त्यातला फायदा म्हणा. एमआरआय आधी चालतच नव्हता, २०२० पासून नव्या मॉडेलला अटी घालून दीड टेस्ला ताकदीच्या चुंबकापर्यंत मुभा मिळाली. फिजिओथेरपीत ती डायथर्मी नावाची शेक द्यायची मशीन असते ती याला बिलकुल चालत नाही, सांधा दुखतोय म्हणून कोपऱ्यावरच्या क्लिनिकला गेलात तर आधी कार्ड दाखवा. एअरपोर्टला पण कार्ड दाखवून, गेटमध्ये रेंगाळत उभं न राहता पुढे जायचं. मुंबईला सिक्युरिटीवाल्या साहेबांना "डोक्यात मशीन आहे" हे सांगितल्यावर त्यांनी आधी नवऱ्याकडे आणि मग माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

गोळ्या सुटत नाहीत. कमी होतील कदाचित, पण सुटतील असं धरू नका. मंजुरीही फोकल फिटसाठी, म्हणजे एक किंवा दोन ठिकाणांहून सुटणाऱ्या, १८ वर्षांवरच्या आणि दोन औषधं करून झालेल्या पेशंटसाठी आहे. लहान मुलांच्या आयांचे मेसेज येतात, त्यांना मी एवढंच सांगते की तुमच्या डॉक्टरना विचारा, माझ्या नवऱ्यावरून मुलाचं ठरवू नका. स्मरणशक्तीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, पण अभ्यासांमध्ये ती बिघडल्याचं दिसलेलं नाही, काहींच्या शब्द लक्षात ठेवण्यात किंचित सुधारणा दिसली. आमच्याकडे भाजीची यादी आधीही विसरली जायची, आताही विसरली जाते.

कापलेला एक स्टार भारताच्या नावाने. आमचं बसवलं तेव्हा कंपनी हे फक्त अमेरिकेत विकत होती. नुसतं मशीन नेऊन उपयोग नाही, प्रोग्रॅम करणारा माणूस, त्याचा टॅब्लेट, डेटाबेस, सगळी साखळी लागते. त्यामुळे सांगलीला कायमचं परत जायचा विचार आम्हाला गुंडाळून ठेवावा लागला, हे लहान नाही. तिकडच्यांनी निराश व्हायचं मात्र कारण नाही. व्हीएनएस आणि डीबीएस भारतात होतात, आणि ज्यांना काढून टाकायची सर्जरी चालेल त्यांच्यासाठी तर तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, बंगळुरूचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स, मुंबईचं केईएम ही ठिकाणं आहेत. चिपच्या नादाने अमेरिकेची तिकिटं शोधण्याआधी तिथे फाइल दाखवा. पुण्यात संवेदना फाउंडेशन पेशंट आणि घरच्यांसाठी काम करतं, लग्न जमवायलासुद्धा मदत करतं. लग्नाचं नाव काढलं की आपल्याकडे अजून लपवाछपवी सुरू होते, आणि त्यात आश्चर्य नाही, १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत हिंदू विवाह कायद्यातच वारंवार येणाऱ्या फिटचा उल्लेख लग्न रद्द करण्याच्या कारणात होता. मला नवऱ्याने दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. माझ्या मामाने चौकशी करून "मुलाला मिरगी आहे" असा शोध लावला तेव्हा मी म्हटलं, "मामा, मला माहितीये, तुम्ही चहा घ्या."

गाडीचं सगळे विचारतात. न्यू जर्सीत भान हरपणारी फिट येऊन सहा महिने व्हावे लागतात, मशीन असो नसो, नियम तोच. आता तो चालवतो. मध्ये एकदा फिट आली तेव्हा किल्ली परत माझ्याकडे आली होती, आणि कॅलेंडर पुन्हा पहिल्यापासून. त्या काळात त्याला ऑफिसला सोडताना जी चिडचिड व्हायची ती लेव्हेटिरासेटमची नव्हती, एवढं मी सांगू शकते.

करायचं ठरवणार असाल तर डॉक्टरला विचारायचे प्रश्न सांगते. फिट नक्की किती ठिकाणांहून येते आणि ते कशावरून ठरवलं, काढून टाकायची सर्जरी का नाही, डीबीएस का नाही, तुमच्या सेंटरमध्ये ही मशीनं किती पेशंटना आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढची पाच वर्षं प्रोग्रॅमिंग कोण करणार. सर्जनला तुम्ही दोनदा-तीनदा भेटता, प्रोग्रॅमिंगवाल्या न्यूरॉलॉजिस्टला भेटतच राहता, आणि मशीनमधून निघणारा सगळा डेटा त्यांनी उघडून बघितला तरच कामाचा. सर्जन नावाजलेला आणि न्यूरॉलॉजिस्ट चार तासांच्या ड्राइव्हवर, तेही गाडी चालवायला फक्त बायको, असं असेल तर तारीख घेऊ नका. जवळचं सेंटर शोधा, नाहीतर आधी घर बदला. आम्ही बदललं.